ओबुराची आई शेळीशी बोलत होती

त्या हंगामात ओबुरा रोज मरत होता. शनिवारी दोनदा.

मरणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम होतं. परीक्षेला लागलेलं नाटक शाळाशाळांत जाऊन करून दाखवणाऱ्या किसुमूच्या एका मंडळीत आम्ही दोघं होतो. पोरं पुस्तक वाचत नाहीत, नाटक बघतात आणि त्यावर पेपर लिहून पास होतात. मास्तरांचं शिकवणं वाचतं. म्हणजे सगळेच खूश. ओबुरा त्या नाटकातला बॉस मझेंगो. पहिल्या अंकात तो दोन सख्ख्या भावांना फसवून गोदामं बांधतो, दुसऱ्यात छाती धरून कोसळतो, आणि तिसरा अख्खा अंक शवपेटीत पडून असतो. त्याच्या डोक्याशी भाऊ भांडतात, बायको टाहो फोडते, पाद्री बायबल चुकीच्या पानावर उघडतो. तो पाद्री मी. त्याशिवाय ढोल माझा, आणि जनरेटरही माझाच.

ओबुरा उंच, काटकुळा, बुटांना दोनदा पॉलिश करणारा माणूस. कमी बोलायचा. स्टेजवर मात्र त्याचा आवाज असा निघायचा की मागच्या बाकावरची झोपलेली पोरं उठून बसायची. त्या वर्षी त्याच्याइतकं काम कुणाकडेच नव्हतं. जुलैपर्यंत शाळा, ऑगस्टमध्ये आमच्याच डायरेक्टरच्या विनोदी नाटकात नायक, मग गावोगाव मच्छरदाणीचा प्रचार करणारी पथनाट्यं, आणि वर्षाअखेर नैरोबीत मोठ्या हॉलमधलं नाटक. बाकीचे नट त्याला बघून उसासे टाकायचे.

"तुझं काय बाबा," अपोंडी म्हणायची. ती नाटकात त्याची बायको. "तुला आजारी पडायलासुद्धा तारीख मिळणार नाही."

तो हसायचा आणि लॉजच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. आम्ही मासे खायला बाहेर पडायचो, तो आत संवाद घोकत बसायचा. शाळांत त्याला कुणी नावाने ओळखत नव्हतं. पोरी त्याला "मझेंगो, चोर!" म्हणून ओरडायच्या, सही मागायच्या तीही मझेंगोची. एकदा एका पोरीने त्याला खरं नाव विचारलं. त्याने सांगितलं. ती म्हणाली, "हे काही चांगलं नाही वाटत, मझेंगोच लिहा."

त्याचं खरं बोलणं एकाच माणसाशी व्हायचं. रोज संध्याकाळी तो आईला फोन लावायचा. बाप कधीच गेलेला, धाकटी बहीण अदोयो आणि आई एवढंच घर. कोंबडीने किती अंडी घातली, पाऊस आला की नुसताच गडगडला, शेजारणीने उसनी नेलेली चाळण परत केली की नाही. आम्ही कंटाळून झोपायला जायचो तरी तो चाळणीवरच असायचा.

आता जे झालं ते असं. डायरेक्टरला सगळं अस्सल लागतं. आमच्याकडे मयताच्या डोक्याशी त्याचा मोठा फोटो ठेवतात, फुलं लावून. डायरेक्टरने ओबुराकडे सुटाबुटातला फोटो मागितला. त्याचा तसा एकच फोटो होता. शिक्षण संपल्यावर स्टुडिओत काढलेला, आणि त्याचीच मोठी प्रत कोसेवेला, त्याच्या गावच्या घरात दारासमोर टांगलेली. तोच आम्ही फ्रेम करून पेटीपाशी ठेवायचो.

एका शाळेच्या स्वयंपाकघरात कोसेवेकडची एक बाई होती. तिने खिडकीतून पेटी, फुलं आणि फोटो असा एक फोटो काढून आपल्या बहिणीला पाठवला आणि विचारलं, हा मिन ओबुराचा मुलगा तर नव्हे? मिन ओबुरा म्हणजे ओबुराची आई, तिला गावात सगळे तसंच म्हणतात. बहिणीने तो पुढे पाठवला, तिने आणखी पुढे. दोन-तीन फोन ओलांडेपर्यंत त्यातला प्रश्न गळून पडला आणि नुसती बातमी राहिली.

इकडे प्रयोगाच्या वेळी आमचे सगळ्यांचे फोन डायरेक्टरच्या पत्र्याच्या डब्यात बंद. कारण मागच्या वर्षी मझेंगो मेलेला असताना पेटीत फोन वाजला होता, आणि पाचशे पोरं पुनरुत्थानावर हसली होती. त्या दिवशी दोन प्रयोग झाले, मग प्रवास, मग वीज नाही. ओबुराने फोन चालू केला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, लॉजच्या अंगणात चहा पिताना. मी शेजारीच तळलेल्या गोड मांडाझी खात होतो.

"अदोयो, इतके फोन का केलेस गं?"

पलीकडून किंकाळी आली. ती मलाही ऐकू आली.

"कोण बोलतंय?"

"मी. ओबुरा."

"कुठून?"

"लॉजमधून."

"कुठल्या लॉजमधून?" अदोयोचा आवाज इतका संशयी होता की ओबुराने उठून लॉजच्या पाटीवरचं नाव वाचून दाखवलं.

मग कळलं. आंब्याखाली खुर्च्या मांडून झाल्या होत्या, चर्चच्या बायका मोठी भांडी घेऊन आल्या होत्या, रताळी सोलली जात होती. आणि मुख्य म्हणजे आईने फाटकात उभं राहून, दोन्ही हात डोक्यावर घेऊन, साऱ्या डोंगराला ऐकू जाईल असा टाहो फोडला होता.

"आईला दे ना फोन."

अदोयोने फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात दिला. मग फोनवर काका आले. ओलांगो काका, बापाचे थोरले भाऊ, घराण्यातलं शेवटचं मोठं माणूस.

"काका, मी जिवंत आहे."

"ते कळलं रे. चांगली गोष्ट आहे," काका म्हणाले. जणू तो एखादी परीक्षा पास झाला होता. "पण तुझ्या आईने तुझ्यासाठी टाहो फोडलाय. आता तो परत गिळता येतो का? तू रडून झालेला माणूस आहेस. तसाच फाटकातून आत आलास तर तुझ्यामागून काय येईल याचा नेम नाही."

"मग काय करायचं?"

"यायचं. मागच्या बाजूने, कुंपण तोडून. मी तिथे कोंबडा कापेन. रात्र घरात काढायची. सकाळी आई तुला स्वतःच्या हाताने पेज भरवेल, की झालास तू पुन्हा घरचा. तोवर ती तुझ्याशी बोलणार नाही, तुला वाढणार नाही. तूही तिच्याशी बोलायचं नाहीस."

"काका, फोनवर तरी?"

"फोनवर बोलतात ते काय असतं? बोलणंच ना?"

ओबुरा डायरेक्टरकडे गेला. आमचे डायरेक्टर ओगाडा, जाडजूड माणूस, गळ्यात शिट्टी. नाटकवाला कमी आणि फुटबॉलचा पंच जास्त.

"एक रात्र," ओबुरा म्हणाला.

"कुठली?" ओगाडांनी विचारलं. "सोमवार ते शनिवार प्रयोग. रविवारी दुसऱ्या जिल्ह्यात जायचं. तूच बघून सांग."

"बदली नट—"

"आपल्याकडे बदली नसतो, तुला माहितीये. एकेका नटाला दोन-दोन भूमिका करायला लावून मी हे पोट भरतोय. जो एक प्रयोग चुकवेल त्याची भूमिका गेली. हा नियम मी माझ्या सख्ख्या मेव्हण्यालाही लावला. विचार त्याला, आता तो कोंबड्या विकतो." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "आईला सांग, जुलैत येतो. आई कुठे पळून जातेय?"

आई पळून जाणार नव्हती. पण जुलैपर्यंतचे दिवस कसे काढायचे हे ओबुराला कळेना. तो तरीही रोज फोन लावायचा. अदोयो फोन स्पीकरवर टाकून चुलीपाशी ठेवायची. आई काही बोलायची नाही, पण भांड्यांचा आवाज यायचा, कधी खोकला. ओबुरा ऐकत राहायचा. अदोयो कोंबड्यांची हकिकत सांगायची, पण तिला आईसारखी सांगता यायची नाही. ती दोन वाक्यांत संपवायची. चाळणीचं काय झालं हे तिला माहीतच नव्हतं.

अपोंडी त्याला चिडवायची, "अरे ओमेरा, मित्रा, तुझ्या आईला म्हणावं, मी तर रोज रडते तुझ्यावर. मी बोलतेय की नाही तुझ्याशी?"

"तू पैसे घेऊन रडतेस," ओबुरा म्हणाला. चेष्टेतच म्हणाला, पण मग जेवता जेवता उठून गेला.

प्रयोगात त्याचं काही बिघडलं नाही. उलट तो फारच चांगला मरायला लागला. मागे पेटीत पडल्या पडल्या तो मला दातांतल्या दातांत काहीतरी बोलायचा आणि मी बायबल वाचता वाचता हसू दाबायचो. आता तो गप्प पडून असायचा. एकदा अंक संपला, टाळ्या संपल्या, तरी उठला नाही. मी झाकण वाजवलं. "उठतोस की खरंच पुरू?"

"ऐकत होतो," तो म्हणाला.

"काय?"

"अपोंडी शेवटी जे रडते ना, ते आमच्या गावच्या बायांसारखं नाही. आमच्याकडे शेवटी आवाज असा खाली सोडतात."

मेच्या शेवटी एक रविवार सापडला. शनिवारचा प्रयोग होमा बे शहराच्या बाजूला, सोमवारचा तिथून दोन तासांवर, मुलींच्या मोठ्या शाळेत, सकाळी आठला. मध्ये अख्खा दिवस मोकळा, आणि कोसेवे जवळच. ओबुराने मला विचारलं, "येतोस?" गाडीभाडं त्याचं, म्हणून मी गेलो.

रस्त्यावर गच्च भरलेल्या मटाटू गाडीतून उतरून पुढे मोटारसायकलने गेलो. घराभोवती शेराच्या झाडांचं उंच कुंपण. फाटक उघडंच होतं, पण ओबुरा त्याच्यापासून लांबून वळसा घालून मागच्या बाजूला गेला आणि एका दगडावर बसला. शेरामधल्या फटींतून अंगण दिसत होतं. ओलांगो काका घरी नव्हते. दुसऱ्या गावात खरोखरच कुणीतरी मेलं होतं, तिकडे गेले होते. अदोयो म्हणाली, येतील.

मला फाटकातून आत बोलावलं. मी कुणी रडून झालेला नव्हतो. ओबुराच्या आईने माझ्यापुढे मक्याच्या पिठाची उगाली आणि कालवणातला मासा ठेवला, अख्खा, डोक्यासकट. कुंपणापलीकडे ओबुरा येताना घेतलेली केळी सोलत होता. मी मासा जरा पाठमोरा होऊन खाल्ला.

आई लहानखुरी, डोक्याला हिरवा रुमाल. तिने कुंपणाकडे एकदाही पाहिलं नाही. पण रताळ्यांची टोपली घेऊन बसली ती बरोबर त्या फटीसमोर. जवळच एक काळी शेळी बांधलेली होती.

"ऐकतेस का काळे," ती शेळीला म्हणाली, "काही जणांची गालफडं वर आलीत. शहरात माणसाला खायला घालत नाहीत वाटतं."

कुंपणापलीकडून ओबुरा मला म्हणाला, "अरे, सांग ना शेळीला, मी रोज दोन वेळा जेवतो."

मी तोंडात घास घेऊन शेळीकडे पाहिलं.

"शेळीला खोटं लगेच कळतं," आई म्हणाली, अर्थात शेळीलाच. "आणि काळे, तुला जर कुणी म्हणालं असतं, रोज मर, पैसे देतो, तर गेली असतीस? नाही ना? बघ. शेळी आहेस, पण आहे तेवढी अक्कल."

"शेळीला सांग," पलीकडून ओबुरा, "ऑगस्टमध्ये मी मरत नाही. ऑगस्टमध्ये मी नायक आहे. शेवटी लग्न होतं."

आईचा सुरा थांबला. "कुणाशी?" ती म्हणाली. एकदम सरळच म्हणाली, आणि मग घाईने शेळीकडे वळली. "कुणाशी गं काळे?"

"नाटकात, आई—" ओबुरा बोलून गेला आणि त्याने तोंडावर हात ठेवला.

आई सोललेली रताळी पुन्हा सोलत होती. काही वेळाने तिने शेळीला चाळणीची सगळी गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. शेजारीण चाळण फाडून घेऊन आली होती आणि वर म्हणाली होती, फाटकीच होती. ओबुरा गुडघ्यांना मिठी मारून, कान कुंपणाला लावून ऐकत होता. शेराचा चीक कपड्यांना लागतो आणि जात नाही. त्याच्या एकुलत्या पांढऱ्या शर्टाला तो लागला.

उन्हं कलली तेव्हा ओलांगो काका आले. काखेत लाल कोंबडा, डोक्यावर अंत्यविधीची हॅट.

"आलास का," ते कुंपणावरून म्हणाले. "बरं झालं. कापू या. पण आधी सांगतो, रात्र आणि सकाळ धरून आहे हे. अर्धवट केलंस तर न केल्यापेक्षा वाईट. उद्या पेज पिऊनच निघायचं."

"उद्या आठला प्रयोग आहे, काका. इथून पहाटे निघालो तरी—"

"मग आज नको," काका शांतपणे म्हणाले आणि कोंबडा खाली सोडला. "जुलैत बघू. कोंबडा काय, वाढतोच आहे."

आईचे हात टोपलीत तसेच राहिले. ती शेळीशीही काही बोलली नाही.

ओबुरा उठला आणि रस्त्याच्या दिशेने चालायला लागला. मला वाटलं, निघाला. मी काकांना नमस्कार करून त्याच्यामागे पळालो. तो टेकाडावर थांबला होता, तिथे फोनला रेंज येते.

"सर, उद्याचा एकच," तो सांगत होता. "हो सर, मोठी शाळा. माहितीये सर." ओगाडांचा आवाज मला शिट्टीसारखा ऐकू येत होता. ओबुरा ऐकत राहिला. मग म्हणाला, "ऑगस्टचंही?" पुन्हा ऐकत राहिला. "समजलं सर." फोन बंद करून त्याने खिशात टाकला आणि माझ्याकडे डोक्यापासून पायांपर्यंत बघितलं.

"तू मावशील का पेटीत?"

"काय?"

"संवाद तर तुला पाठ आहेत. रोज ऐकतोस."

"पाठ आहेत, पण मी ठेंगणा आहे रे. तुझा कोट माझ्या गुडघ्यांपर्यंत येईल."

"येऊ दे. श्रीमंत माणूस आहे. आणि मेल्यावर उंची कोण बघतं?" त्याने पिशवीतून मझेंगोचा कोट काढून माझ्या हातात दिला. घडी नीट घातलेली होती. "पेटीत डाव्या बाजूला एक खिळा वर आलाय. तिकडे वळू नकोस."

"ओबुरा, ऑगस्ट गेला तर?"

"घरी सांगू नकोस," तो म्हणाला आणि टेकाड उतरून मागच्या कुंपणाकडे गेला.

मी शेवटची मटाटू पकडली. पुढचं मी पाहिलं नाही, त्याने नंतर सांगितलं तेवढंच माहीत. काकांनी शेराच्या फांद्या तोडल्या, कोंबडा कापला, त्याला त्या भोकातून पाठमोरा आत घेतला. रात्री घरातले सगळे एकाच खोलीत झोपले. सकाळी आईने पेज आणली, वाटी त्याच्या ओठांना लावली, आणि त्याला वाटलं आता ती रडेल. ती म्हणाली, "शर्टाचं काय करून घेतलंस? हा डाग जाणार आहे का आता?" मग दुसरी वाटी भरली. तिसरीनंतर म्हणाली, "ऊठ आता. नोकरीवर उशीर होईल. मोठी माणसं वाट बघत असतील."

तो उठला. काय करणार? आई फाटकापर्यंत आली. या वेळी तो फाटकातून बाहेर पडला, आणि मटाटूत बसून थेट आमच्या शाळेकडे आला, कारण दुसरीकडे कुठे जायचं हे त्याला सुचलं नाही.

तिथे मी पेटीत होतो, आणि पाद्री त्या दिवशी ओगाडाच झाले होते. कोट गुडघ्यांपर्यंत, तोंडाला पावडर. आत लाकडाचा आणि ओबुराच्या डोक्याच्या तेलाचा वास. वरून माणसांची भांडणं ऐकू येतात, पण असं वाटतं की ती शेजारच्या गावात चालली आहेत. अपोंडी रडायला लागली तेव्हा मी डोळे किलकिले करून पाहिलं. हॉलच्या मागच्या दारात, आचाऱ्यांच्या घोळक्यात, ओबुरा उभा होता. अपोंडीने शेवटी आवाज खाली सोडला, अगदी गावच्या बायांसारखा. तिला कुणी शिकवला होता ते मला कळलं. मुली हमसून हमसून रडल्या. मी ठेंगणा आहे हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, याचं मला थोडं वाईटही वाटलं.

ओगाडा त्याला ओरडले नाहीत. शिट्टीसुद्धा वाजवली नाही. नुसतं म्हणाले, "ढोल येतो का तुला?"

"शिकेन, सर."

ऑगस्टचा नायक नैरोबीहून मागवला. मच्छरदाणीवाल्यांना ओगाडांचाच मेव्हणा जाऊन भेटला, कोंबड्या सोडून. नैरोबीच्या मोठ्या नाटकवाल्यांना कुणीतरी सांगितलं की हा मुलगा ऐन वेळी येत नाही. कोणी सांगितलं ते सगळ्यांना माहीत आहे. मझेंगो कायमचा माझ्याकडे आला; मला ढोल बरा होता हो. पण मी नाही म्हणालो असतो तर ओगाडांनी आणखी कुणाला उभं केलं असतं, आणि माझा ढोल आणि पाद्री दोन्ही गेले असते. ओबुरा मला काही बोलला नाही. उलट छाती धरून कोसळताना आधी गुडघा टेकायचा नसतो हे त्यानेच मला दाखवलं. पाद्रीही आता तोच होतो, आणि मी पेटीत पडलेला असताना मला अगदी मनापासून स्वर्गात पाठवतो.

जूनमध्ये एका मिशनच्या शाळेत मुक्काम होता. प्रयोग संपला होता, पोरी कोट घातलेल्या माझ्यामागे "मझेंगो, चोर!" ओरडत पटांगणभर धावून गेल्या होत्या. मी नळावर तोंडाची पावडर धूत होतो. पलीकडे पाण्याच्या टाकीला टेकून ओबुरा फोनवर होता. आई बोलत होती, मोठ्याने, फोनवर सगळी जुनी माणसं बोलतात तशी, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"मग? आजही मेलास का?"

ओबुराने माझ्याकडे पाहिलं. मी नळ बंद केला नाही.

"हो, आई," तो म्हणाला. "आज फार चांगला मेलो. मुली रडल्या."

"रडू देत. त्यांचं काय जातं. जेवलास?"

"जेवलो."

"काय?"

काय खाल्लं ते त्याला आठवेना, किंवा खाल्लंच नसेल.

"मासा," तो म्हणाला. "अख्खा. डोक्यासकट."